ड्रॅगन फ्रूटचे कटिंग पार्सलने मागवले : एका रोपवाटिकेचा अनुभव

लातूर जिल्ह्यातील आमच्या शेतात दहा खांबांसाठी, म्हणजे खांबाला चार याप्रमाणे, ड्रॅगन फ्रूटची 40 कटिंग (लागवडीसाठी कापलेल्या कांड्या) मी छत्रपती संभाजीनगरकडच्या एका लहान रोपवाटिकेकडून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आलेली कटिंग आदल्या दिवशी कापून, पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून पाठवलेली होती. चौथ्या दिवशी पिशवी उघडली तेव्हा आत घामासारखे पाणी साचलेले होते आणि निम्म्याहून अधिक कांड्या बुडाशी तपकिरी, लिबलिबीत झालेल्या होत्या. खांब वर्षभर रिकामे राहिले, त्यामुळे या वेळी मी आधी फोनवर बारकाईने चौकशी केली.

"काका, आम्ही आज कापून आज पाठवत नाही, दहा-बारा दिवस थांबावे लागेल," असे तिथल्या तरुण मालकाने स्पष्ट सांगितले. तेव्हा ते खटकले होते. आता मात्र कटिंगच्या किमतीतील खरा मोबदला याच दिवसांचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ड्रॅगन फ्रूट हा निवडुंगच, त्याची कांडी पाण्याने भरलेली असते, त्यामुळे ओल्या जखमेतून बुरशी सहज आत शिरते. हवेशीर सावलीत ठेवल्यास तीच जखम सुकून खपली धरते. तिथे कांड्या आडव्या न टाकता उभ्या ठेवतात, कारण आडव्या कांडीला खालच्या अंगाने मुळ्या फुटू लागतात. अंधाऱ्या खोलीतही ठेवत नाहीत, कारण तिथे फिकट, बारीक कोंब निघतात.

खोके उघडले तेव्हा प्रत्येक कांडी वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, खोक्याला हवेसाठी भोके होती आणि प्लास्टिकचा तुकडाही आत नव्हता. बुडाकडचा मांसल भाग दोनेक इंच तासून मधला काष्ठमय गाभा पेन्सिलीसारखा मोकळा केलेला होता. कापाचा भाग भाकरीच्या पापुद्र्यासारखा कोरडा लागत होता. शेंड्याची बाजू कळावी म्हणून प्रत्येकीवर मार्करने बाण काढलेला होता. झाडापासून तोडलेल्या कांडीचे वरखाल ओळखणे नवख्याला खरोखर अवघड जाते, त्यामुळे या बाणाचे मला फार कौतुक वाटले.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून मी पिशव्यांत जाड वाळू, मुरूम आणि थोडे कुजलेले शेणखत भरले, कांड्या दोन इंचच खोचल्या आणि पहिले पाच दिवस पाणी दिले नाही. चौथ्या आठवड्यात हलकेच ओढून पाहिले तर त्यांनी माती सोडली नाही. चाळीसपैकी सदतीस जगल्या.

तक्रारी दोन आहेत. पार्सल निघाल्याचा निरोप आला नाही, त्यामुळे खोके ट्रॅव्हल्सच्या कार्यालयात दिवसभर उन्हात पडून राहिले आणि तीन शेंडे पिवळे पडले. ज्या तीन कांड्या गेल्या त्या याच. दुसरी गंभीर आहे : लाल आणि पांढऱ्या गराच्या कांड्या एकत्र बांधल्या होत्या, चिठ्ठी नव्हती. कोणत्या खांबावर कोणता गर आहे हे आता मला फळ कापल्यावरच कळेल. फोनवर सांगितल्यावर मालकाने चूक मान्य केली आणि तीन कांड्या बदलून देण्याचे कबूल केले. त्या सध्या त्यांच्या सावलीत खपली धरत आहेत.