आंघोळीचं पाणी कशावर तापवावं? गॅस, रॉड, बंब की सोलर

विदर्भात थंडीत घरखर्च वाढतो तो स्वयंपाकाने नाही, आंघोळीच्या पाण्याने. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा पहाटे शाळेत जाणाऱ्या पोराला थंड पाण्याने आंघोळ घाला असं कोणी म्हणणार नाही. म्हणून तुलना पाण्याचीच करू, आणि तीही बकेटच्या हिशेबाने. भाव बदलत राहतात, पण एका बकेटीला लागणारी उष्णता बदलत नाही.

२० लिटरची बकेट, पाणी १८ अंशांचं, ते ४३ अंशांवर न्यायचं. त्याला ५०० किलोकॅलरी लागतात. विजेवर हे काम साधारण ०.६ युनिटमध्ये होतं. गॅसवर बरीच आच भांड्याच्या बाजूने निघून जाते, ती धरली तर ७५ ग्रॅम गॅस लागतो. घरात पाच माणसं आणि रोज पाच बकेटा, असं धरून चालू.

आधी गॅस. पाच बकेटांचा महिन्याचा गॅस होतो सव्वाअकरा किलो, आणि सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो. म्हणजे पाऊण सिलिंडरहून जास्त गॅस नुसत्या न्हाणीत जातो. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर बकेट पावणेपाच रुपयांना पडते, महिन्याचे सातशेच्या वर. उज्ज्वलाचं ३०० रुपयांचं अनुदान मिळत असेल तर बकेट सव्वातीन रुपयांवर येते. हिशेबाने हे वाईट नाही. पण अनुदानाचे सिलिंडर वर्षाला मोजकेच असतात. ते हिवाळ्यात आंघोळीवर संपवले की पावसाळ्यात, सरपण ओलं असताना, स्वयंपाकाला पूर्ण भावाचा सिलिंडर घ्यावा लागतो. घरच्या बाईला धुरापासून सोडवण्यासाठी गॅस आला. तो चुलीची जागा घेण्यासाठीच राखावा, असं माझं ठाम मत आहे.

आता रॉड. इथे सगळा खेळ १०० युनिटच्या रेघेचा आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा एक दर असतो आणि १०१ ते ३०० चा त्याच्या दुपटीच्या आसपास. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून पहिल्या टप्प्यात युनिट ७ रुपये आणि पुढच्या टप्प्यात १३ रुपये धरा, मग स्वतःच्या बिलावरचे आकडे घालून पुन्हा करा. रेघेच्या आत बकेट चार रुपये वीस पैशांना पडते, म्हणजे पूर्ण भावाच्या गॅसपेक्षा स्वस्त. रेघेच्या पलीकडे तीच बकेट पावणेआठ रुपयांची होते. गावात बऱ्याच जणांचा समज असतो की १०१ वं युनिट पडलं की सगळंच बिल महाग होतं. तसं नाही, वरचे युनिट तेवढे महाग लागतात.

आपल्याकडे एक गोष्ट सोयीची आहे. उन्हाळ्यात कूलरने बिल फुगतं, पण डिसेंबरात कूलर बंद आणि पंखाही बंद. ज्या घरात थंडीत ६० युनिट जळतात, तिथे रेघेच्या आत ४० युनिट मोकळे राहतात. त्यात रोजच्या दोन बकेटा आरामात बसतात. पाचही रॉडवर तापवल्या तर ९० युनिट लागतात, त्यातले ५० महाग भावाने, आणि बिल सव्वानऊशेच्या आसपास वाढतं. थोडक्यात, दोन बकेटा रॉडवर ठीक, पाच नाही.

रब्बीत हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताचे पंप चालू झाले की गावात व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० मिळालं तर रॉडची ताकद साठ टक्क्यांवर येते. पाणी तापायला उशीर लागतो, पण युनिट जवळपास तेवढेच पडतात, त्यामुळे मीटर जास्त पळेल ही भीती नको. भीती शॉकची बाळगा. कितीतरी घरांत अर्थिंग नावालाच असतं. रॉड लोखंडी बकेटीत लावू नका, पाणी तापलं का ते बटन बंद करून पिन काढल्याशिवाय बोट घालून पाहू नका, आणि न्हाणीत लेकरू असताना रॉड चालू ठेवू नका. पाच रुपये वाचवायला हा धोका कोणी पत्करू नये.

आता बंब, आणि माझा कल बंबाकडेच आहे. उघड्या चुलीवरच्या गंजाभोवतीची, म्हणजे पातेल्याभोवतीची, बहुतेक आच वाया जाते. बंबात आगीची नळी पाण्याच्या मधोमध असते, त्यामुळे मूठभर काड्यांतही काम होतं. तांब्याचा महाग पडतो, पण पत्र्याचाही चालतो. तो अंगणात ठेवला की धूर घरात कोंडत नाही. सरपण शेतातलंच, तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) आणि पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं).

मात्र पऱ्हाटीला फुकट समजू नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस कसा खाल्ला ते आपण पाहिलं आहे. ही अळी वाळक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत दडून राहते, आणि पऱ्हाटीची गंजी घरामागे किंवा धुऱ्यावर रचली की पुढच्या हंगामाचे पतंग तिथूनच उठतात. कृषी विभाग फरदड (हंगाम संपल्यावरही तोच कापूस ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका आणि पऱ्हाट्या साठवू नका असं सांगतो, त्यामागे हेच कारण आहे. एक फवारणी वाढली तर वर्षभराच्या सरपणाची बचत तिच्यात जाते. म्हणून थंडीत जळेल तेवढीच पऱ्हाटी आणा, उरलेली यंत्राने बारीक करून शेतातच पसरा. साठवायच्या असतील तर तुराट्या साठवा. आणि जंगलाला लागून असलेल्या गावांना, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या, एवढंच सांगणं आहे की सरपणासाठी पहाटे एकट्याने आत शिरू नका. तिकडे वाघाने माणसं नेली आहेत. अशा गावात चार रुपयांची विजेची बकेट महाग नाही.

गोबरगॅस चार-पाच जनावरं असतील तरच पाहा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, आणि नेमक्या थंडीत गॅस कमी निघतो. स्वयंपाक आणि खतासाठी तो चांगला, आंघोळीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

सोलर वॉटर हीटरला आपलं हिवाळ्याचं स्वच्छ ऊन मानवतं. पक्कं छत असेल, वर टाकी असेल आणि माणसं जास्त असतील तर पैसे घालण्यासारखी वस्तू आहे. अडचण पाण्याची. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, नळ्यांत क्षार बसतो आणि काही वर्षांत पाणी कोमट येऊ लागतं. खाऱ्या बोअरवर तो बसवू नये. त्याऐवजी छतावर वीज तयार करणारे पॅनल घ्यावेत, त्यांना पाण्याशी देणंघेणं नाही. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला १२० युनिटच्या आसपास देतो, म्हणजे आपल्या हिशेबातले पाच बकेटांचे ९० युनिट त्यात बसतात आणि उन्हाळ्यात कूलरलाही हातभार लागतो. पण फक्त आंघोळीच्या पाण्यासाठी कर्ज काढून पॅनल बसवू नका. वर्षभर १०० च्या आत राहणाऱ्या घराला पैसे फिटायला फार वर्षं लागतील. त्या घराला पत्र्याचा बंब आणि दोन बकेटांपुरता रॉड पुरे.