गिट: स्टार्टअपमध्ये पाच वर्षं वापरल्यानंतर

मी लागले तेव्हा आमच्या स्टार्टअपमध्ये पाच इंजिनिअर होते, मी सहावी. शिकवायला कुणाची ना नव्हती, पण वेळ कुणाकडेच नव्हता. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, रेपोचा, म्हणजे कंपनीचा कोड जिथे असतो त्या साठ्याचा, ॲक्सेस मिळाला आणि "आधी कोड वाचून घे, अडलं की विचार" एवढं सांगून सगळे आपापल्या कामाला लागले. डॉक्युमेंटेशन नावापुरतं होतं, तेही जुनं. अडत तर दर तासाला होतं. दर तासाला कुणाला विचारणार? मग मी गिटला, म्हणजे कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाला, विचारायला लागले.

गिटच्या कमांड शिकवणारं साहित्य ढिगाने आहे, त्यात मला भर घालायची नाही. ज्या कंपनीत हाताला धरून शिकवणारं कुणी नाही, तिथे इंजिनिअर म्हणून वाढायला हे साधन किती उपयोगी पडतं आणि कुठे कमी पडतं, तेवढंच मला सांगायचंय.

गिटचा जन्मही अडचणीतूनच झाला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, काम बिटकीपर नावाच्या अशाच एका साधनावर चालायचं. त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा एप्रिल २००५मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये राहू लागला आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्यावरून निघाली. त्याच वर्षी जुलैपासून जुनिओ हामानो ते सांभाळताहेत. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकमेकांचा कोड समजून घ्यावा, तपासावा, जोडावा, यासाठी ते बनलं. म्हणूनच त्यात प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास असतो. नेट नसलं तरी चार वर्षांपूर्वी कुणी काय बदललं ते वाचता येतं. पहिले दोन महिने मी रोज संध्याकाळी तासभर तेच करायचे.

त्या दिवसांतली एक ओळ अजून डोळ्यासमोर आहे. पेमेंटच्या कोडमध्ये, गेटवेचा, म्हणजे पैसे भरून घेणाऱ्या बाहेरच्या सेवेचा, निरोप आल्यावर तीन सेकंद नुसतं थांबायचं, अशी ती ओळ होती. वर ना कॉमेंट, ना काही. मला वाटलं कुणीतरी तपासताना घातली असेल आणि काढायची राहिली असेल. काढणारच होते. त्याआधी सवयीने गिट ब्लेम चालवलं, ते प्रत्येक ओळ कुणी आणि कोणत्या कमिटमध्ये लिहिली ते दाखवतं. ओळ लिहिणारा माणूस मी यायच्या आधीच कंपनी सोडून गेलेला, मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. पण त्याच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना (कमिट करताना) लिहितात त्या टिपणात, चांगली दहा ओळींची हकीकत होती. गेटवेचा निरोप कधीकधी इतक्या लवकर येतो की आपल्या डेटाबेसमधला व्यवहार तोवर पक्का झालेला नसतो, ऑर्डर सापडत नाही आणि पैसे भरलेल्या ग्राहकाला 'पेमेंट फसलं' असं दिसतं. खरा उपाय म्हणजे निरोप क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकून नंतर हाताळणं, पण या आठवड्यात तेवढा वेळ नाही. क्यू आली की ही ओळ काढा.

ओळ मी तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "ही क्यू मी करू का?" मिळालेलं पहिलं मोठं काम ते. तीन आठवडे लागले. ती ओळ काढली तो कमिट मी चार वेळा पुन्हा लिहिला, कारण त्याच्या दहा ओळींना साजेसं काहीतरी लिहायचं होतं. डेटाबेसमधला व्यवहार पक्का होणं आणि निरोप येणं यांत कोण आधी येईल याचा भरवसा नसतो, हे मी त्या न पाहिलेल्या माणसाकडून शिकले.

ब्लेम वापरताना एक अडचण येते. कुणीतरी एकदा सगळ्या फाइल फॉरमॅटरमधून, म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढतं आणि मग प्रत्येक ओळीवर त्याचंच नाव दिसतं. मोकळ्या जागेतले बदल वगळायला ब्लेमचा डॅश डब्ल्यू हा पर्याय आहे. फॉरमॅटिंगचे कमिट एका फाइलमध्ये नोंदवून ब्लेमला ते टाळायला लावायची सोय २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून आहे. आमच्याकडे ती फाइल मी घातली. एखादा शब्द कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला हे शोधायला गिट लॉगचं डॅश कॅपिटल एस. ज्युनिअर असताना मला या तीन गोष्टी कुणी सांगितल्या असत्या, तर माझे कितीतरी तास वाचले असते.

कोणत्या कमिटपासून बिघडलं ते शोधून देणाऱ्या बायसेक्टची गोष्ट वेगळी, कारण तिथे मला माझंच काम सापडलं. दुसऱ्या वर्षी इन्व्हॉइसच्या बेरजा शेवटच्या दशांशात चुकायला लागल्या. आधीच्या महिन्याच्या रिलीजमध्ये बरोबर होत्या. मधे पाचशेच्या आसपास कमिट होते. बायसेक्टला एक चांगला आणि एक बिघडलेला कमिट सांगितला की ते मधला काढून देतं. तो तपासून चांगला की वाईट ते सांगायचं, मग उरलेल्यातला मधला. दरवेळी निम्मे कमी होत जातात, म्हणून पाचशेसाठी नऊएक वेळा तपासलं की झालं. तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहून बायसेक्ट रनला दिली तर तेवढंही हाताने करावं लागत नाही. चहा संपायच्या आत उत्तर आलं: कमिट माझा. एक्केचाळीस फाइल बदललेल्या आणि मेसेज एका शब्दाचा, 'बदल'.

गिटचं काम तिथे संपलं, माझं सुरू झालं. त्या एक्केचाळीस फाइलींमधली नेमकी चूक शोधायला दीड दिवस गेला. राउंडिंगचं एक फंक्शन मी दुसऱ्या फाइलमध्ये हलवताना जाता जाता 'सुधारलं' होतं. हलवणं हा एक कमिट आणि सुधारणं हा दुसरा असता, तर बायसेक्टने थेट त्या ओळीपाशी नेऊन सोडलं असतं. तेव्हापासून गिट ॲड डॅश पी शिवाय मी कमिट करत नाही. ते एकेक तुकडा दाखवून विचारतं, हा घ्यायचा का? प्रत्येक तुकड्याला उत्तर देताना आपण नेमकं काय केलं आणि का केलं हे स्वतःला सांगावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यावर कळतं की इथे दोन वेगवेगळी कामं एकमेकांत गुंतली आहेत. माझ्या कामात सगळ्यात मोठा फरक या एका सवयीने पडला. काम हातात घेतानाच ते कुठे तोडायचं हे मी आता ठरवते, आणि अंदाजही आधीपेक्षा बरेच खरे ठरतात.

गिटचं मला सगळ्यात आवडणारं अंग म्हणजे कमिट केलेलं काम ते सहजासहजी हरवू देत नाही. हेही चुकीतूनच कळलं. एका सहकारणीबरोबर मी एकाच ब्रांचवर, म्हणजे कोडच्या एकाच शाखेवर, काम करत होते. मी रिबेस केलं, म्हणजे कमिट नव्या पायावर पुन्हा रचले. ते रिमोटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर, पुश होईनात म्हणून फोर्स पुश केला, म्हणजे तिथला इतिहास जबरदस्तीने बदलला आणि तिला म्हटलं, "तुझ्याकडचं रिमोटसारखं करून घे." तिने माझ्यावर विश्वास ठेवून हार्ड रीसेट केलं, म्हणजे आपल्याकडचं टाकून रिमोटवरचं घेतलं. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, "अगं, माझं दोन दिवसांचं काम दिसत नाहीये." माझे हातपाय गार पडले. आमची सीनिअर खुर्ची ओढून शेजारी बसली. "घाबरू नकोस. तिने कमिट केलं होतं ना? मग ते तिच्या मशीनवर आहे. तोवर कुणी काही टाइप करू नका."

तिच्या मशीनवर गिट रीफ्लॉग चालवलं. हेड, म्हणजे आपण सध्या कोणत्या कमिटवर आहोत ती खूण, जिथे जिथे फिरून आलं त्याची यादी समोर आली आणि दुसऱ्याच ओळीत रीसेटच्या आधीची जागा होती. त्यावर नवी ब्रांच काढली, सगळं काम जसंच्या तसं. वीस मिनिटांत मिटलं. कोणत्याही ब्रांचला न जोडलेल्या अशा कमिटची नोंद रीफ्लॉग मूळ सेटिंगप्रमाणे ३० दिवस ठेवतं, बाकीच्या नोंदी ९० दिवस. मात्र ती नोंद त्या त्या मशीनवरच असते, रिमोटवर जात नाही. आणि कमिटच न केलेलं काम हार्ड रीसेटमध्ये गेलं, तर रीफ्लॉग काही करू शकत नाही. म्हणून अर्धवट असलं तरी घरी जाण्याआधी कमिट करा, सकाळी नीट लावा.

फोर्स पुशच्या जागी मी आता फोर्स विथ लीज वापरते. आपण शेवटचं पाहिल्यानंतर रिमोटवर कुणी काही टाकलं असेल तर ते नकार देतं. फक्त तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत, म्हणजे रिमोटवरचं नवं आणत, असेल तर ही राखण पोकळ ठरते, ते सेटिंग बघून घ्या. त्या रात्री घडलेलं सगळं मी टीमच्या चॅनेलवर लिहिलं, कमांडसकट. दुसऱ्या दिवशी दोघांनी येऊन सांगितलं की त्यांनाही हे माहीत नव्हतं. एवढ्या छोट्या टीममध्ये माझी चूक माझ्यापुरती ठेवायची नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

आता जे खटकतं ते. कमांडची नावं नवख्याला छळतात. चेकआउट ब्रांचही बदलतं आणि फाइलमधले बदल पुसूनही टाकतं. एका कमांडला दोन इतकी वेगळी कामं देणं चुकीचंच होतं. २०१९मध्ये स्विच आणि रीस्टोर अशा दोन कमांड वेगळ्या आल्या, नव्या माणसाने त्याच शिकाव्यात. रिबेस करताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे बदल भिडले, की 'अवर्स' (आपलं) आणि 'देअर्स' (त्यांचं) यांचा अर्थ दोन ब्रांच मर्ज करताना असतो त्याच्या उलट होतो, ते मला आजही थांबून आठवावं लागतं. मोठ्या बायनरी फाइल गिटमध्ये ठेवू नयेत. एकदा आत गेल्या की प्रत्येक क्लोनबरोबर, म्हणजे रेपोच्या प्रत्येक नव्या प्रतीबरोबर, येत राहतात. पासवर्ड किंवा गुप्त की (किल्ली) चुकून कमिट झाली तर पुढच्या कमिटमध्ये काढून काहीच होत नाही, इतिहासात ती राहतेच. आधी की बदला, इतिहास साफ करायचं मग बघा. आम्ही एकदा उलट्या क्रमाने केलं आणि अख्खी दुपार ती उघडी पडलेली किल्ली तशीच चालू राहिली.

याहून मोठी मर्यादा अशी की गिटमध्ये तेवढंच सापडतं जेवढं कुणीतरी लिहून ठेवलंय. आमच्याकडे महत्त्वाचे निर्णय कॉलवर व्हायचे आणि कमिटमध्ये नुसता टिकिट नंबर, म्हणजे कामांच्या यादीतला क्रमांक. मधे टिकिटांची सिस्टिम बदलली आणि ते नंबर निरर्थक झाले. म्हणून कारण कमिटमध्येच लिहावं, लिंक हवी तर खाली द्यावी. महिनाभराची ब्रांच स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकत्र करून, एकच कमिट मर्ज करण्याच्याही मी विरोधात आहे, त्यात एवढं कष्टाने तोडलेलं काम पुन्हा एक गोळा होतं. छोट्या ब्रांचला चालेल.

आणि कमिट मोजून माणसं जोखू नयेत. आमच्याकडे एका सहामाहीत ते झालं. ज्या सहकाऱ्याने सगळ्यांचे रिव्ह्यू नीट केले, डिझाइनच्या चर्चेत तासन्‌तास दिले, तो आकड्यांत सर्वांत खाली गेला. तो निर्णय चुकीचा होता आणि आम्ही चौघींनी तसं लेखी कळवलं. पुढच्या वेळी आकडे आले नाहीत.

स्वतःसाठी मात्र मी लॉग वाचते. दर सहा महिन्यांनी मूल्यमापनाचा फॉर्म भरण्याआधी गिट लॉगला माझं नाव आणि तारीख देऊन सगळे मेसेज क्रमाने बघते. पहिल्या वर्षी 'फिक्स', 'पुन्हा फिक्स', 'आता तरी'. तिसऱ्या वर्षापासून काय मोडलं होतं, कुणाला त्रास होत होता, कोणते दोन उपाय बघितले आणि एक का सोडला. फॉर्ममध्ये काय लिहायचं हा प्रश्न त्यानंतर उरत नाही. टीममध्ये एकटे असाल, सीनिअर नसेल, तर हे नक्की करून बघा.

तीन महिन्यांपूर्वी एक नवी मुलगी आली, आमची एकविसावी इंजिनिअर. तिलाही पहिल्या दिवशी कुणी फार वेळ देऊ शकलं नाही. मागच्या आठवड्यात तिची पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती, रिव्ह्यूला आली. मी चार वर्षांपूर्वी क्यूमध्ये घातलेली एक जास्तीची तपासणी तिने काढून टाकली होती. मी विचारायला निघाले होते, त्याआधी मेसेज उघडला. तीन परिच्छेद होते. दुसऱ्यात माझ्या कमिटच्या हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, पहिली सात अक्षरं होती, आणि पुढे लिहिलं होतं: त्यात दिलेलं कारण गेल्या वर्षीच्या बदलानंतर उरलेलं नाही, तपासून पाहिलं.