टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर आणि ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश (हवेने रंग फवारणारा ब्रश), दिवाळी ते श्रावण वापरून

दिवाळीत घेतलेला सेट श्रावण आला तरी चालू आहे, म्हणून आता लिहितोय. आम्ही रत्नागिरीत समुद्राच्या जवळ राहतो आणि १:२४ मापाच्या मॉडेल गाड्या रंगवायच्या तर पुण्यातल्या पोरांचे रिव्ह्यू इथे अर्धेच कामाला येतात, कारण आपल्याकडे खरा प्रश्न ब्रशचा नाहीच, हवेतल्या पाण्याचा आहे.

टाकी असलेलाच कॉम्प्रेसर घ्या. दाबलेली हवा टाकीत जरा निवते, पाणी तळाला बसतं, राहिलेलं नळीवरच्या पाणी अडवणाऱ्या ट्रॅपमध्ये अडकतं. पावसात मी रोज काम संपलं की खालचा ड्रेन उघडतो, चक्क पिचकारी उडते, आणि जानेवारीत तेच जेमतेम थेंबभर यायचं. बॉडीला १५ ते २० पीएसआय इतका हवेचा दाब पुरतो, टाकीमुळे प्रेशर हलत नाही, त्यामुळे मेटॅलिक एकसारखं बसतं.

पण ट्रॅप लावला म्हणजे झालं असं समजू नका! लॅकर म्हणजे झटपट सुकणारा रंग, त्याचा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर खोलीतल्याच हवेचं बाष्प बसतं आणि चकचकीत काळा रंग राखाडी दिसायला लागतो. त्यावर रिटार्डरवाला (रंग हळू सुकवणारा) लेव्हलिंग थिनर आणि पातळ पातळ कोट, दोन कोटांत पुरेसा वेळ. पांढुरकं आलंच तर त्याच थिनरचा अगदी हलका फवारा मारला की बरेचदा परत चमक येते. दीडदोनशेचा आर्द्रतामापक भिंतीला टांगा, ८० टक्क्यांच्या वर काटा असेल तर त्या दिवशी लॅकर नको, सँडिंग करा, चाकं रंगवा. थंडीत सकाळी साडेदहा-अकराची वेळ मला सगळ्यात आवडते, जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, समुद्राकडचा खारा वारा अजून सुटलेला नसतो, त्या वेळी मारलेला क्लिअरकोट (वरचा पारदर्शक थर) बघत बसावा असा येतो.

तक्रार एकच, फिटिंगचे स्क्रू होळीपर्यंत गंजले. खाऱ्या हवेत होणारच, पण विकणाऱ्याने सुटे स्क्रू द्यायलाही नकार दिला हे मला पटलेलं नाही. गावातल्या हार्डवेअरमधून स्टेनलेसचे आणून बसवले, तेव्हापासून त्रास नाही.

मास्क मात्र ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवालाच हवा, एन९५ ने थिनरची वाफ अडत नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर मागच्या पडवीतच रंगवा.