क्वार्टर स्केल पायपर कबचं बाल्सा किट: बांधणी, उड्डाण आणि मोडतोड झाल्यावरची रिपेरिंग

हे खऱ्या पायपर कब विमानाच्या पाव मापाचं, रेडिओ कंट्रोलने उडणारं मॉडेल, बाल्सा म्हणजे अगदी हलक्या लाकडातून आपणच बांधायचं. आधी निकाल सांगून टाकतो. डिझाइन फार चांगलं, लेझर कटिंग एकदम नेटकं, लाकूड बऱ्यापैकी, सोबत आलेलं हार्डवेअर मात्र कामाचं नाही, आणि लँडिंग गिअरचा (चाकांच्या दांड्यांचा) जोड प्लॅनमध्ये दाखवलाय तसाच ठेवला तर तो कधी ना कधी उखडणार. एवढं सगळं असूनही मी हे किट पुन्हा घेईन, कारण हे विमान मोडलं तर घरच्या टेबलावर पुन्हा नीट उभं करता येतं. मोठ्या स्केल मॉडेलमध्ये मला हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो, वेग आणि चकचकीत फिनिश वगैरे नंतर.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय ते या साइजचं कुठलंही कब किट घेताना तुम्हाला तपासून बघता येईल.

आता क्वार्टर स्केल म्हणजे नक्की केवढं ते बघा. खऱ्या जे-३ कबचा विंगस्पॅन (पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) १०.७ मीटर, म्हणजे मॉडेलचा जवळपास २.७ मीटर, आणि लांबी १.७ मीटरच्या आसपास. खऱ्या विमानाचं कमाल वजन साधारण ५५० किलो. लांबी एक चतुर्थांश केली की वजन मात्र चौसष्टाव्या हिश्श्यावर यायला हवं, म्हणजे ८.६ किलो. माझं पेट्रोलसकट साडेआठच्या आसपास बसलं. हा हिशोब मी उगाच मांडत नाहीये, वजन या आकड्याजवळ राहिलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) खऱ्या विमानाच्या बरोब्बर निम्मा येतो, खरं कब ताशी ६० किमीला स्टॉल होतं तर हे ३०ला, आणि वळताना, वाऱ्यात हलताना, खाली उतरताना ते मोठ्या विमानासारखंच जड आणि संथ दिसतं. छोटी मॉडेल्स पाखरासारखी फडफडतात, हे तसं करत नाही. एकदा हे बघितलं की लहान साइजचं कब डोळ्याला खोटं वाटायला लागतं, निदान माझं तरी तसं झालंय.

बॉक्समध्ये बाल्सा, लाइटप्लाय (हलकं प्लायवूड), स्प्रूस लाकडाचे स्पार (विंगमधल्या लांब मुख्य काड्या), विंग जोडायची अॅल्युमिनियमची नळी, वायर वाकवून तयार केलेलं लँडिंग गिअर, प्लास्टिकचं काउल (इंजिनचं झाकण) आणि फुल साइज प्लॅन येतो. प्रत्येक पार्टवर लेझरनेच नंबर कोरलाय, त्याचा किती उपयोग होतो ते पुढे रिपेरिंगमध्ये सांगतो. पार्ट एकमेकांत इतके घट्ट बसतात की फ्युजलाजचा (विमानाच्या धडाचा) सांगाडा ग्लू न लावता उभा राहतो, मग सगळीकडून गुण्या लावून बघायचं, चारही लाँजरॉन (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या काड्या) सरळ आहेत ना, फॉर्मर (त्यांना जोडणाऱ्या आडव्या चौकटी) काटकोनात आहेत ना, आणि मगच चिकटवायचं. एक गोष्ट मॅन्युअलमध्ये कुठेच लिहिलेली नाही ती म्हणजे लेझरने कापलेल्या लाइटप्लायच्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात आणि त्या तशाच ठेवून चिकटवल्या तर ग्लू लाकडाला धरत नाही, वरच्या काजळीला धरतो. फायरवॉल (इंजिन बसतं ती पुढची पाटी) आणि विंग स्ट्रटचे (विंगला खालून धरणाऱ्या तिरक्या दांड्यांचे) जोड तरी हलक्या हाताने सँडिंग करून, लाकडाचा रंग दिसल्यावरच चिकटवा. आणि या जागांना ३० मिनिटवाला इपॉक्सीच वापरा, सीए ग्लू पटकन धरतो पण ठिसूळ असतो आणि पेट्रोल इंजिनची थरथर त्याला सोसत नाही.

स्प्रूसच्या काड्यांमध्ये एक स्पार असा निघाला की त्याचे रेषे तिरपे जाऊन मधेच कडेला बाहेर पडत होते. अशी काडी वाकवून बघितली की कुठून तुटणार ते आधीच कळतं. मी ती बाजूला काढली आणि सरळ रेषांची दुसरी घेतली. या किमतीच्या किटमध्ये स्पार नीट निवडून द्यायला हवा होता, तिथे कंपनीचा एक मार्क कापला.

आता विंग, आणि इथे मात्र डिझाइन करणाऱ्याला मानलं पाहिजे. बऱ्याच मॉडेलमध्ये स्ट्रट शोभेचे असतात, इथे ते खरोखर भार घेतात, खऱ्या कबसारखेच. मागच्या स्ट्रटच्या टोकाला आटे असलेला फोर्क आहे, तो फिरवून स्ट्रटची लांबी थोडी वाढवली की विंगच्या टोकाकडची मागची कड वर उचलली जाते, म्हणजे वॉशआऊट मिळतो. खऱ्या विमानातही मेकॅनिक हेच करतो. वॉशआऊट असला की वेग कमी झाल्यावर विंगचं टोक आधी स्टॉल होत नाही, मुळाकडचा भाग आधी होतो, आणि विमान एका बाजूला कोसळायच्या ऐवजी नाक खाली टाकून सावरतं. बांधताना विंगला थोडासा पीळ राहिलाच तरी तो इथे काढता येतो, दोन्ही बाजूंना इन्सिडन्स मीटर (विंगचा कोन मोजायचं साधन) लावून अर्धा-अर्धा आटा फिरवत बसायचं, वेळ जातो पण दोन्ही विंग अगदी सारख्या होतात.

शेपटी हलकी ठेवा हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे मागे १० ग्रॅम वाढले की सीजी (विमानाचा तोल सांभाळणारा बिंदू) जागेवर आणायला पुढे त्याच्या तिप्पट शिसं कोंबावं लागतं. टेलसाठी किटमधलं सगळ्यात हलकं बाल्सा वेगळं काढा, वजन काट्यावर घालूनच.

इंजिनला ३० ते ३५ सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल पुरेसं आहे, त्याहून मोठं लावण्यात काही अर्थ नाही, खऱ्या कबलाही ६५ हॉर्सपॉवरच होते. माझ्याकडे १८ इंची, ८ पिचचा लाकडी प्रॉप (पुढचा पंखा) आहे आणि गंमत म्हणजे खऱ्या कबचा प्रॉप साधारण ७२ इंचाचा, म्हणजे तोही आपोआप स्केलमध्ये बसतो. इग्निशनची बॅटरी वेगळी, रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, आणि ट्रान्समीटरवरून इग्निशन बंद करायचा किल स्विच, या तिन्हीवर पैसे वाचवू नका. रिसीव्हर इग्निशनपासून जमेल तितका लांब, मागच्या सीटखाली. किटमधले नायलॉनचे छोटे क्लेव्हिस (कंट्रोलच्या दांड्या जोडायचे चिमटे) मी उघडून बघितले आणि पुन्हा पिशवीत टाकले, साडेआठ किलोच्या विमानाच्या एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीला) ते लावणं धोक्याचं आहे, स्टीलचे ३ एमएमचे आणि बॉल लिंक घ्या.

स्केल डिटेलिंगला भरपूर वाव आहे. काउलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली चार सिलिंडरं, उजवीकडचा दोन तुकड्यांत उघडणारा दरवाजा, वरचा अर्धा विंगखाली वर लागतो आणि खालचा खाली लोंबतो, आणि विंडस्क्रीनच्या पुढे पेट्रोलच्या टोपणातून वर आलेली ती तार. ती तारच कबचा फ्युएल गेज, खाली टाकीत बूच तरंगतं आणि पेट्रोल संपत आलं की तार खाली जाते. किटमध्ये ती तार नाही, पण पातळ पियानो वायरने करून लावा, कब ओळखणारा माणूस आधी तिथेच बघतो.

उडवायला हे विमान शांत आहे, पण सोपं आहे असं म्हणणार नाही. नुसत्या एलेरॉनवर (विंगच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या फळ्यांवर) वळवलं तर आधी नाक उलट्या बाजूला जातं, कारण वर उचलल्या जाणाऱ्या विंगचा खाली गेलेला एलेरॉन जास्त ड्रॅग करतो. म्हणून रडर (शेपटीचं उभं सुकाणू) आणि एलेरॉन एकत्र द्यायचे, खरंतर रडर किंचित आधी. ट्रान्समीटरमध्ये मिक्सिंग टाकून हे काम भागवता येतं पण माझं स्पष्ट मत आहे की अंगठ्यालाच सवय लावा, दोन्ही हात एकत्र चालायला लागले की वळणं जी गोल आणि भरीव येतात ना, त्यासाठीच तर कब उडवायचं. टेकऑफला थ्रॉटल हळूहळू, उजवा रडर हाताशी तयार, शेपूट स्वतःहून उचललं जातं, घाई करून ओढू नका. सीजी कॉर्डच्या (विंगच्या पुढून मागपर्यंतच्या रुंदीच्या) २८ टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून ११ सेंटीमीटरच्या जरा पुढेमागे, तिथे मला ते सगळ्यात गोड वाटलं.

आता ती लँडिंग गिअरची गोष्ट. आडव्या वाऱ्यात व्यवस्थित उतरलं होतं, पळत असतानाच एक झोत आला, वाऱ्याकडची विंग उचलली गेली आणि विमान गर्रकन फिरलं, ग्राउंड लूप. विंगचं टोक थोडं घासलं, पण खाली लँडिंग गिअर प्लेटसकट उखडलेलं, सोबत एक फॉर्मर आणि खालचा एक लाँजरॉन. उघडून बघितल्यावर कारण लगेच दिसलं, प्लेट लाइटप्लाय फॉर्मरच्या नुसत्या ३ एमएमच्या कडेवर चिकटते, तिला कुठून आधारच नाही.

पण इथेच हे किट मनात बसलं. कव्हरिंग (सांगाड्यावरचं इस्त्रीने चिकटवलेलं आवरण) मोडलेल्या भागाच्या एक खण पुढपर्यंत नव्या ब्लेडने कापलं आणि आत हात घालायला मोकळी जागा झाली. तुटलेल्या लाकडाला सँडपेपर लावायचा नाही, तुटलेले रेषे एकमेकांत जसेच्या तसे बसतात आणि तोच सगळ्यात पक्का जोड असतो, फॉर्मरचे दोन तुकडे असे बसवले की भेग शोधावी लागत होती. लाँजरॉनचा चुरा झाला होता तेवढा काढून टाकला आणि नवा तुकडा तिरका काप देऊन जोडला, जाडीच्या दहापट लांब काप, म्हणजे १० एमएमच्या काडीला १० सेंटीमीटर. आखूड काप दिला तर जोड तिथेच पुन्हा सुटतो. प्लेटला दोन्ही बाजूंनी कडक लाकडाचे त्रिकोणी ठोकळे आणि आरपार लाकडी खुंट्या दिल्या, सगळं मिळून वजन वाढलं २२ ग्रॅम आणि तेही सीजीच्या पुढे. कव्हरिंगचा तुकडा जुन्यावर ६-७ एमएम चढवून, इस्त्री कमी तापवून आधी कडा, मग मधला भाग ताणून घेतला. पिवळा रंग जुन्यापेक्षा जरा ताजा दिसतो, उन्हात येईल जुळून. तयार बांधून येणाऱ्या एआरएफमध्ये आत काय कुठे आहे तेच माहीत नसतं, इथे प्रत्येक काडी आपण स्वतः बसवलेली असते, त्यामुळे मोडलेलं विमान उचलतानाच डोक्यात रिपेरिंग सुरू झालेली असते.

कंपनीला फोटो आणि पार्टवरचा नंबर पाठवला तर त्यांनी पूर्ण शीट न लादता तेवढाच फॉर्मर आणि प्लेट कापून पाठवली, हे मला फार आवडलं. मोडलेला फॉर्मर जुळला म्हणून नवा सुट्यांमध्ये ठेवलाय. जोड कमजोर आहे हेही कळवलं, त्यावर उत्तर आलं नाही, आणि ते यायला पाहिजे होतं.

पहिलंच मॉडेल म्हणून हे घेऊ नका, आधी लहान टेल ड्रॅगरवर (तिसरं चाक शेपटीखाली असलेल्या विमानावर) रडर शिका. घरात दोन मीटरचं सपाट टेबल आणि गाडीत १.७ मीटरचं फ्युजलाज मावेल एवढी जागा हवी. वजनाचे आणि जागेचे आपल्याकडचे नियम, क्लब आणि इन्शुरन्स आधी बघून घ्या. आणि ऑर्डर करतानाच लँडिंग गिअरची एक जादा प्लेट मागवा, त्रिकोणी ठोकळे मात्र फ्युजलाजचा तळ बंद करायच्या आधी बसवा, नंतर तिथे क्लॅम्प जात नाही.