लिव्हर-अ‍ॅक्शनला पीप साइट: वरची, बाजूची की टँगवरची?

चाळिशी ओलांडली की बकहॉर्नची (रायफलच्या मागच्या उघड्या साइटची) खाच धूसर दिसायला लागते, माझंही तेच झालं, म्हणून पीप साइटकडे वळलो, म्हणजे छोट्या भोकातून पाहून नेम धरायची मागची साइट. मी पेन्सिल्वेनियात राहतो, रायफल मार्लिन ३३६ (लिव्हर ओढून काडतूस भरायची, म्हणजे लिव्हर-अ‍ॅक्शन), .३०-३० काडतुसाची, आणि हरणांच्या सीझनला दाट झाडीत शंभर यार्डांच्या आतच काम असतं.

आधी बघा रायफलला भोकं कुठे आहेत ते. मार्लिनची रिकामी पुंगळी बाजूने पडते, रिसीव्हर (नळीमागची धातूची पेटी) वरून बंद आणि तिथे स्कोपसाठी फॅक्टरीतूनच भोकं असतात, त्यामुळे स्किनर कंपनीची छोटी साइट दोन स्क्रूंवर बसते. जुन्या विंचेस्टर ९४ ची पुंगळी वरून उडते, तिथे बाजूचीच साइट घ्या, विल्यम्स किंवा लायमन कंपनीची.

विल्यम्सच्या एफपी मॉडेलचं खरं सुख म्हणजे अ‍ॅडजस्टमेंट, स्क्रूड्रायव्हर घेऊन थोडं थोडं सरकवायचं, गोळ्यांचं वजन बदललं तरी टेन्शन नाही. पण रिसीव्हरला धरून चाललात की ती नेमकी बोटांना टोचते, दिवसभर चालल्यावर हे चांगलंच कळतं. स्किनर तशी अडकत नाही, फक्त डावं-उजवं करायला स्क्रू सैल करून ढकलायचं, म्हणून एकच काडतूस वापरणाऱ्याने तीच घ्यावी, मी तीच घेतली.

टँगवरची (रिसीव्हरमागे दस्त्यावर येणाऱ्या धातूच्या पट्टीवरची) मार्बल्स कंपनीची साइट टार्गेटला फार छान, पण डोळ्याच्या अगदी जवळ येते, .४५-७० सारख्या जोरदार काडतुसाच्या धक्क्याला मी तरी लावणार नाही. टँगवर सेफ्टी असलेल्या नव्या विंचेस्टरवर तर तिला जागाच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फ्रंट साइटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटची उंची. पीप खाली घेऊन टेकली तरी गोळी वरच लागत असेल तर उंच फ्रंट साइट लागते. हिशोब सोपा आहे, दोन साइटमधलं अंतर २२ इंच आणि शंभर यार्डांवर म्हणजे ३६०० इंचांवर ६ इंच वर लागतंय, तर २२ गुणिले ६ भागिले ३६००, साधारण ०.०३७ इंच उंच हवी.

बसवताना भोकांतलं तेल काढा, नक्की काढा. मी ते न पुसता स्क्रू आवळले आणि विसाव्या गोळीपर्यंत गोळ्यांचा ग्रुप डावीकडे सरकत गेला. अल्कोहोलने पुसून निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावल्यावर स्क्रू हललेला नाही. फ्रंट साइट काढताना, मागून पाहता, डावीकडून उजवीकडे ठोका, बसवताना उलट, आणि पितळी पंचच वापरा.

रेंजवर पीपमध्ये बारीक भोकाची चकती ठेवा. जंगलात ती काढून खिशात टाका, सूर्य मावळल्यानंतरच्या त्या अर्ध्या तासात मोठ्या रिंगमधूनच हरीण दिसतं.