एचआयव्हीवरचं शिक्षक प्रशिक्षण : जरूर ठेवा, फक्त पहिला तास गाळायला सांगा

सातपूरच्या एका माध्यमिक शाळेत मी पीटी शिकवतो. मध्यंतरी आम्ही शहरातल्या एका संस्थेला शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी बोलावलं. विषय होता एचआयव्हीसह जगणारी मुलं आणि शाळा. संस्थेचं नाव घालत नाही, कारण तक्रारही करायची आहे. बाकीच्या शाळांतले मित्र विचारतायत, म्हणून लिहितोय.

सुरुवात अगदीच बंडल. पडद्यावर कवटी, हाडं आणि 'एड्स म्हणजे मरण' छापाची जुनी चित्रं. रोज गोळी घेतली, विषाणू दबलेला राहिला, तर हे मूल इतरांसारखंच शिकतं, नोकरी करतं, संसार करतं, हे प्रशिक्षण द्यायला आलेल्या त्याच ताई पुढे सांगणार होत्या. मग आधी घाबरवायचं कशाला? समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात हे दुखणं नसेलच असं कुणी सांगितलं?

चहानंतर लॅपटॉप मिटला आणि खरं प्रशिक्षण सुरू झालं. आमच्या एका मॅडमनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "वर्गात असं कोण आहे ते आम्हाला कळायला नको का? काळजी घेता येईल."

"कळल्यावर तुम्ही वेगळं काय करणार, ते सांगा," ताई म्हणाल्या.

मी म्हटलं, कबड्डीत गुडघे फुटतात, रक्त येतं.

"मग हातमोजे प्रत्येकाच्याच रक्ताला घाला, सर. कुणाच्या रक्तात काय आहे हे तुम्हाला तसंही माहीत नसतं."

आणि त्यांनी प्रथमोपचार पेटी मागवली. आत वाळून खडखडीत झालेली मलमाची ट्यूब, कापूस आणि कॅरमची एक सोंगटी. हातमोजे नाहीतच. डबा, पाण्याचा नळ, संडास, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही हे सगळ्यांना पाठ होतं. पेटीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे शिपाईमामांना मेडिकलवर पिटाळलं.

मला सगळ्यात पटला तो हजेरीचा मुद्दा. एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गोळ्या आणायला, तपासणीला ठरलेल्या तारखेला जावं लागतं आणि ती तारीख बहुधा शाळेच्याच दिवशी येते. बाईंनी भर वर्गात "काल कुठे होतास?" विचारलं की पोरगं थाप मारतं. दर वेळी नवी थाप कुठून आणणार? वर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आहेच. ताईंचं म्हणणं, कारण वर्गात विचारूच नका, पालकांची चिठ्ठी पुरे. बक्षीस बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, मी म्हणतो.

लोहाच्या निळ्या गोळीचं मला नवीनच होतं. आठवड्याला शाळेत ती देतो तेव्हा आम्ही "समोर गिळ" म्हणून मागे लागतो. एचआयव्हीच्या हल्लीच्या औषधांतलं डोल्युटेग्राविर रिकाम्या पोटी लोहासोबत घेतलं तर नीट शोषलं जात नाही. ते लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं लागतं, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. म्हणून घरून "आज नको" असं आलं तर खोदून विचारायचं नाही.

कायद्याचा भाग धावत पळत उरकला, ते चुकलं. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी तपासणी मागता येत नाही. त्यात आणखी एक तरतूद आहे : अशा बाधित घरातलं 12 ते 18 वयाचं, घर सांभाळण्याइतकी समज असलेलं भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं. आईवडील गेलेली बहीण भावाला घेऊन आली तर खिडकीतून आमचे क्लार्कभाऊसाहेबच तिला "मोठ्या माणसाला घेऊन ये" म्हणून परत पाठवणार. आणि नेमके तेच प्रशिक्षणाला नव्हते, कारण निमंत्रण फक्त शिक्षकांना होतं.

पाचपैकी साडेतीन. मानधन घेत नाहीत, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा लागतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा, पण कायद्याला अर्धा तास वेगळा मागून घ्या. क्लार्क, शिपाईमामा आणि खिचडीवाल्या मावशींनाही बसवा. ताईंनी दिलेला 1097 हा सरकारी हेल्पलाइन नंबर मोफत आहे. आम्ही तो मुलांच्या सूचना फलकावर लावलाय, इतर नंबरांच्या रांगेतच, म्हणजे तिथे थांबून बघणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.