मेंदूच्या नोंदींचं प्रमाण स्वरूप शिकवायचंय: सलग दोन दिवस की आठ शनिवार?

सांगली-मिरज किंवा कराड-साताऱ्याकडच्या विभागात चित्र साधारण असं असतं: पाच-सहा पीएचडीचे विद्यार्थी, कुणाकडे उंदरांच्या मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या नोंदी, कुणाकडे माणसांचे ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या नोंदी), आणि प्रत्येकाच्या फाइलींची तऱ्हा निराळी. त्यांना सामायिक प्रमाण शिकवायचं, तर सलग दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी की दर शनिवारी दोन तास असे आठ आठवडे?

आधी गट वेगळे करा. उंदरांच्या नोंदींना एनडब्ल्यूबी (न्यूरोडेटा विदाउट बॉर्डर्स) हे प्रमाण लागतं, ईईजीला बिड्स (ब्रेन इमेजिंग डेटा स्ट्रक्चर). दोन्ही एकाच खोलीत शिकवायला घेतलं की अर्धा वर्ग कायम रिकामा बसतो.

ईईजीवाल्यांना दोन दिवस पुरतात. बिड्स म्हणजे मुख्यतः फोल्डरांची रचना, फाइलींची नावं आणि सोबतच्या माहितीच्या छोट्या फाइली. अडतं ते ठरावीक ठिकाणी. ब्रेनव्हिजन या ईईजी-स्वरूपात एका नोंदीच्या तीन फाइली असतात; त्या हातानं नाव बदलून ठेवल्या, तर व्हीएचडीआर या शीर्ष-फाइलीत आत जुनीच नावं राहतात आणि नोंद उघडत नाही. एमएनई-बिड्स या पायथन लायब्ररीकडून नाव बदलून घेतलं की आतले दुवेही बदलतात. अमेरिकी नमुना उचलला की विजेची वारंवारता ६० हर्ट्झ राहते. आपल्याकडे ५० हवी. आणि रुग्णालयातून आलेल्या ईडीएफ या स्वरूपाच्या ईईजी फाइलीच्या शीर्षभागात रुग्णाचं नाव असू शकतं, ते पहिल्याच तासाला काढायला लावा.

उंदीरवाल्यांचं गणित वेगळं. इन्टान, ओपन ईफिज किंवा स्पाइकजीएलएक्स या नोंद घेणाऱ्या प्रणालींची मूळ फाइल हाताशी असेल, तर एनडब्ल्यूबी गाइड या प्रोग्राममध्ये कोड न लिहिता रूपांतर होतं. दोन दिवस चालतील. मात्र गाइड आधीच इन्स्टॉल करून यायला सांगा, नाहीतर पहिली सकाळ कॉलेजच्या वायफायची वाट बघण्यात जाते. अख्खी नोंदही आणायला लावू नका: ३२ चॅनेल, ३० किलोहर्ट्झ, १६ बिट म्हणजे तासाला जवळपास ७ जीबी. पाच मिनिटांचा तुकडा ५७६ एमबीचा, तो पेनड्राइव्हवर बसतो.

मूळ फाइल गेली आणि उरलीय ती कुणीतरी केलेली मॅटलॅबची किंवा सीएसव्ही, तर आठ शनिवारच घ्या. इथे पायएनडब्ल्यूबी या पायथन लायब्ररीत हातानं कोड लिहावा लागतो. पायएनडब्ल्यूबीला आकड्यांच्या तक्त्याच्या पहिल्या अक्षावर वेळ हवी, मॅटलॅबमध्ये बरेचदा तिथे चॅनेल असतात. ही उलटापालट एनडब्ल्यूबी इन्स्पेक्टर हा फाइली तपासणारा प्रोग्राम बहुतेक वेळा दाखवून देतो. फाइलीतल्या अंकांचे व्होल्ट करणारा गुणक चुकला तर मात्र त्याच्यावर विसंबू नका. इन्टानचा एक अंक ०.१९५ मायक्रोव्होल्टचा आणि एनडब्ल्यूबीत मोजमाप व्होल्टमध्ये, नुसतं ०.१९५ भरलं की सिग्नल दहा लाखपट मोठा होतो आणि फाइल तरीही वैध ठरू शकते. म्हणून प्रत्येकाला रूपांतरित फाइलीतून एक सेकंदाचा आलेख काढायला लावा; मायक्रोव्होल्टांच्या जागी व्होल्ट दिसले की चूक लगेच सापडते.

आठ आठवड्यांचा खरा फायदा मधल्या सहा दिवसांचा. डँडी या मेंदूच्या नोंदींच्या ऑनलाइन भांडारात फाइल चढवायची तर प्राण्याचा क्रमांक, प्रजाती, लिंग आणि वय किंवा जन्मतारीख लागतेच. वय ‘पी९०डी’ (म्हणजे ९० दिवस) अशा स्वरूपात, प्रजाती ‘रॅटस नॉर्वेजिकस’ अशी पूर्ण. नोंद सुरू झाल्याची वेळ +०५:३० या भारतीय वेळेच्या खुणेसकट. जन्मतारीख प्राणीगृहाच्या रजिस्टरात असते, संदर्भ इलेक्ट्रोड कुठे होता ते पास होऊन गेलेल्या विद्यार्थ्याला विचारावं लागतं. कार्यशाळेत लोक तिथल्या तिथे अंदाजे काहीतरी भरून मोकळे होतात.

तोटाही ठरलेला: चौथ्या शनिवारपासून परीक्षेची ड्युटी, मूल्यांकन समिती, घरचं लग्न. हजेरीवर भर देऊ नका. दर आठवड्याला इन्स्पेक्टरचा अहवाल मागवा. तो आला नाही की कोण गळतंय ते कळतं.

निर्णय अजून अडला असेल, तर नावनोंदणीच्या फॉर्मवर तीनच गोष्टी विचारा: यंत्र कुठलं, मूळ फाइलीचं एक्स्टेन्शन काय, आणि प्राण्यांचं रजिस्टर कुणाकडे आहे. निम्म्यांनी दुसऱ्या रकान्यात सीएसव्ही लिहिलं, तर दोन दिवसांसाठी हॉल बुक करू नका.